सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, तेच बरं आहे

हिंगणघाटकडच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर लाल अक्षरांत 'गॅस कंपन्यांची ७ लिटरची लूट'. मजकूर थोडक्यात असा: सिलिंडरमध्ये जागा ३३ लिटरची, भरतात २६ लिटर. उरलेल्या जागेत हवा, नाहीतर पाणी. त्यातून गॅसची एक्स्पायरीही उलटलेली. म्हणून बाजारात जो डोळ्यांसमोर भरून देतो त्याच्याकडून फुल्ल भरून घ्या, आणि तळाशी उरलेला गॅस काढायला सिलिंडर आडवा करा किंवा उकळत्या पाण्यात उभा करा.

एरवी असले मेसेज मी न वाचताच पुसतो. पण काकूचा फोन आला, "मले सांग, तो भरून देनारा मानूस कुठी बसते?" शेतावर सालगड्याच्या खोलीत छोटी शेगडी आहे, तिची टाकी तिला 'फुल्ल' भरून हवी होती. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी ते ३३ लिटर. आकडा बरोबर आहे, घरगुती सिलिंडरची पाण्याने मोजलेली क्षमता ३३.३ लिटरच असते. आणि गॅस साधारण २६ लिटर जागा व्यापतो हेही थंडीच्या दिवसांत जवळपास खरं. पण तुम्ही पैसे लिटरचे देता का? पावतीवर १४.२ किलो लिहिलेलं असतं. तेवढे किलो आत असले की हिशेब संपला. रिकामी जागा कोणी विकलीही नाही आणि चोरलीही नाही.

ती जागा का ठेवतात, हे आपल्या विदर्भात तरी कोणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये. सिलिंडरमधला गॅस म्हणजे दाबाखाली द्रव झालेले प्रोपेन आणि ब्युटेन. हा द्रव तापला की पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. १५ अंशाला जो २६ लिटर असतो तोच ५० अंशाला २८ लिटरच्या पुढे जातो. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूर ४५ पार करतात, ती सावलीतली मोजणी. टिनाच्या छपराखाली किंवा उघड्या मेटॅडोरमध्ये लोखंड किती तापत असेल ते हात लावून बघा. वर जागा असली तर फुगलेला द्रव तिथे सामावतो आणि दाब बेतात वाढतो. जागाच नसेल तर द्रव दाबला जात नाही, तो पोलादालाच फाडायला बघतो. पहाटेच्या गारव्यात काठोकाठ भरलेल्या टाकीला दुपारी आणखी दीड-दोन लिटर जागा लागते. ती कुठून आणणार?

म्हणून कुठल्या सिलिंडरमध्ये किती गॅस भरायचा याचं प्रमाण गॅस सिलिंडर नियम, २०१६ ने बांधून दिलंय, आणि परवान्याशिवाय सिलिंडर भरायला मनाई आहे. हे नियम राबवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. मेसेज लिहिणारा बहुधा तिथून बसने जात-येत असेल.

आता तो 'डोळ्यांसमोर भरून देणारा'. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. हा माणूस काय करतो? भरलेला घरगुती सिलिंडर स्टँडवर उलटा टांगतो, खाली तुमची छोटी टाकी, मधे रबरी नळी. थोडा गॅस उतरला की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि उतरणं थांबतं. मग तो छोट्या टाकीतली वाफ उघड्यावर सोडून देतो, तेव्हा पुढचा गॅस येतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि शेजारीच कोणाची तरी भज्यांची कढई चढलेली असते. काटा बहुतेकांकडे नसतो. किती भरलं ते टाकी हलवून, अंदाजाने. म्हणजे कमी भरलं तर तुम्ही फसलात, आणि जास्त भरलं तर त्याहून वाईट.

बॉटलिंग प्लांटमध्ये प्रत्येक सिलिंडर भरताना काट्यावरच असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर ठोकलेलं असतं, ते मशीनला दिलं जातं, त्यात १४.२ ची भर पडली की भरणी बंद. मग दुसऱ्या काट्यावर पुन्हा वजन, मग व्हॉल्व्ह गळतो का याची तपासणी, मग सील. चूक होऊ शकते का? होऊ शकते. ठोकलेला आकडा झिजलेला असला, वाचताना ३ चा ८ झाला, तर वजन चुकेल. १० ते १५ किलोच्या पाकिटात १५० ग्रॅमपर्यंतची तूट २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियमही चालवून घेतात. पण दीडशे ग्रॅम कुठे आणि सात लिटर कुठे!

पाण्याचं म्हणाल तर, नाइलाजाने, थोडं मान्य. प्लांट कशाला पाणी भरेल? पण वाटेत गॅस काढून घेणारे असतात, आणि वजन जुळवायला कोणी पाणी घालूही शकतो. भरलेल्या सिलिंडरचं वजन करून ही लबाडी कळणार नाही. मात्र पाणी या द्रवाच्या जवळजवळ दुप्पट जड, ते तळाशी बसतं, आणि शेगडीकडे जाते ती वरची वाफ. गॅस संपला तरी पाणी आतच राहतं. तेव्हा रिकामा सिलिंडर मोजा. ठोकलेल्या आकड्यापेक्षा किलो-दोन किलो जास्त भरला तर तक्रार करा, पुराव्यासकट.

मोजायला काय लागतं? कापूस वेचणीचा काटा घरोघरी आहे. बायांची मजुरी किलोवर देता ना, तोच हुकाचा काटा. सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर रिकामं वजन दिसेल. समजा १५.८ आहे. १४.२ मिळवले की ३०. काट्यावर ३० च्या आसपास आलं तर मेसेज पुसून टाका.

त्याच पट्ट्यांपैकी एकीवर ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि वर्ष असतं. ही गॅसची एक्स्पायरी नव्हे. त्या तिमाहीपर्यंत लोखंडी भांड्याची पुढची चाचणी व्हायला हवी, एवढाच अर्थ. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, पुढे तसंच. तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नका हे ठीक, पण गॅस नासत नाही.

सिलिंडर आडवा करणं हा शुद्ध वेडेपणा. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव बाहेर येऊ शकतो, आणि एका लिटर द्रवाची सुमारे अडीचशे लिटर वाफ होते. ज्योत कुठवर जाईल ते तुम्हीच ठरवा. उकळत्या पाण्याचंही तेच, करू नका. हिवाळ्यात शेवटी ज्योत मंदावते ती थंडीने दाब उतरतो म्हणून, कंपनीने काही ठेवून घेतलं म्हणून नव्हे. ओलं फडकं फिरवून पातळी बघायची युक्ती तेवढी खरी आहे. द्रव असतो तिथला ओलावा उशिरा वाळतो.

आणि ज्यांना खरंच चोरीची शंका आहे त्यांनी सिलिंडर आणणाऱ्या पोराला दारातच वजन करायला सांगावं. मागितलं तर त्याने करून द्यायलाच हवं. काटा नाही म्हणाला तर आपला आणावा, कमी भरलं तर सिलिंडर परत करावा, आणि एजन्सीने उडवून लावलं तर जिल्ह्याच्या वैधमापन निरीक्षकाकडे लेखी द्यावं. काकूला मी एवढंच सांगितलं, आणि शेतावरच्या खोलीसाठी एजन्सीचा ५ किलोचा सिलिंडर घ्यायला लावला. तोही काट्यावर टांगून.