टोपी उडवल्यासारखं करा

पाचवी हा काही पदवी घेण्याचा वर्ग नव्हे, असं माझं परवापरवापर्यंत प्रामाणिक मत होतं. मग शाळेची सूचना आली. 'इयत्ता पाचवीचा ग्रॅज्युएशन सेरेमनी शनिवारी सकाळी नऊ वाजता. मुलांनी काळा गाऊन व टोपी घालून यावे. पालकांची उपस्थिती अनिवार्य.' अनिवार्य हा शब्द ठळक टायपात होता. आता गंमत बघा, मुलगी शाळा सोडून कुठेही चाललेली नाही. जूनमध्ये त्याच गेटातून आत शिरून, दोन जिने जास्त चढून ती सहावीत बसणार. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. इथे कारणच नाही, म्हणून दाखला नाही, म्हणून बहुधा गाऊन.

शिवाय वार्षिक परीक्षा अजून व्हायची होती. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवीची आणि आठवीची परीक्षा पास व्हावी लागते. म्हणजे पोरांच्या आयुष्यात नापास होण्याची अधिकृत सोय पहिल्यांदा जिथे झाली, नेमक्या त्याच इयत्तेत पदवी आधी आणि पेपर नंतर. ही शंका मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मांडणार होतो. बायकोने फोन काढून घेतला. त्या ग्रुपवर तेव्हा बाईंना पैठणी द्यावी की चांदीचं नाणं, यावर रात्री साडेअकरापर्यंत रणकंदन चालू होतं, त्यात माझी भर नको म्हणाली.

आईला समजावणं त्याहून अवघड.

"पास झाली का ती?"

"अजून नाही."

"मग कसला समारंभ?"

"ग्रॅज्युएशनचा."

"पाचवीच्या?"

तिचे वडील व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास झाले आणि तेवढ्या भांडवलावर गावात मास्तर झाले. "त्यांनी कुठे असलं काही घातलं होतं? धोतर होतं, तेही धुवट," एवढं बोलून ती लसूण सोलायला लागली. विषय तिच्या बाजूने संपला होता.

गाऊन भाड्याने मिळतो. पेठेत अशी दुकानं आहेत, गॅदरिंगच्या मोसमात तिथे उभं राहायला जागा नसते. झाशीची राणी, वासुदेव, भाजीवाली आणि एक भलामोठा टूथब्रश यांच्या मधल्या हँगरवर काळे गाऊन लटकत होते. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "वकील की ग्रॅज्युएट?"

"फरक काय?"

"वकिलाला पांढरी पट्टी येते, ग्रॅज्युएटला टोपी. गाऊन तोच."

भाडं तीनशे, डिपॉझिट पाचशे. "टोपी हरवली तर डिपॉझिट विसरायचं. सगळ्या शाळांत टोप्या उडवायचं फॅड आलंय," असंही त्याने बजावलं. घरी येऊन पाहिलं तर गाऊनच्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी: 'न्यायाधीश महोदय, झाडांची बाजू मांडण्यासाठी मी उभा आहे.' कुणाचं तरी पाठांतर. ते पोर बहुधा 'महोदय'वरच अडलं असावं, त्या शब्दाखाली तीन रेघा होत्या.

या गाऊनचं मला खरोखर नवल वाटतं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि पहिले बी.ए. बाहेर पडले १८६२ मध्ये. त्यांच्यात महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. म्हणजे त्या तोलामोलाच्या डोक्यांवर शोभायची ही वस्तू. पुढे दीडशे वर्षं आपण विलायतेच्या थंडीतला हा पोशाख इथल्या उकाड्यात निमूट घातला. शेवटी पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या पदवीदानात गाऊन जाऊन पगडी आली. आली ती पुणेरी, आणि फुले पगडी का नाही म्हणून विद्यार्थी तिथल्या तिथे आंदोलनाला उतरले. पुण्यात डोक्यावर काय घालायचं हे डोकं शांत ठेवून ठरत नाही. ते असो. मुद्दा असा की विद्यापीठाने उतरवलेला गाऊन आमच्या पाचवीच्या पोरांनी उचलला, तोही मार्चअखेरच्या उन्हात, आणि कापड सॅटिनचं.

समारंभाला दीपप्रज्वलन होतं. समई विझायला नको म्हणून शिपाईमामांनी सभागृहातले पंखे बंद केले. समई तेवली, पाहुणे स्थानापन्न झाले, स्वागतगीत झालं, पण पंखे पुन्हा लावायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाहुण्यांनी 'आजची मुलं उद्याचे नागरिक' इथून सुरुवात केली आणि बराच वेळ ते उद्यापर्यंत पोचेनात. पहिल्या रांगेतली मुलं टोप्यांनी वारा घेत होती. चौकोनी टोपीचा हा एकमेव उपयोग मला पटला.

मग पडद्यावर फोटो सुरू झाले. माझी तयारी होती: पहिला दिवस, रडकं तोंड, गळ्यात पाण्याची बाटली. पण या बॅचचा पहिलीचा पहिला दिवस जून २०२१ मधला. पडद्यावर आले ते मोबाइलचे चौकोन. एकात नुसतं कपाळ, एकात फिरता पंखा, एकात कुणाच्या तरी आजीचा पदर. आमच्या चौकोनात मुलगी आणि कडेला माझा अर्धा कान. कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसून मी 'सहा म्हण, सहा' असं पुटपुटत असे, आणि बाई म्हणत, "बाबांनी सांगू नये." पोरीचं पाऊल शाळेत पडायला डिसेंबर उजाडला आणि जानेवारीत शाळा पुन्हा बंद. थोडक्यात, पहिली आम्ही दोघांनी मिळून केली. ते चौकोन सरकत असताना सभागृह गप्प झालं. शेजारचे गृहस्थ चष्मा पुसायला लागले. घाम म्हणाले. पंखे बंदच होते, त्यामुळे ते खपलंही. पडद्यावर माझा कान आला तेव्हा मात्र माझ्याही चष्म्याला काहीतरी झालं. यात निम्मी पदवी माझी आहे, हा विचार मनात येऊन गेला आणि सूचनेतल्या त्या ठळक 'अनिवार्य'वरचा राग बराचसा उतरला.

मुलीने स्टेजवरून मला हेरलं आणि डोळे वटारले. म्हणजे, बाबा, इथे नको.

नावं पुकारली जाऊ लागली. प्रत्येकाने यायचं, प्रमाणपत्र घ्यायचं आणि माइकवर मोठं होऊन काय होणार ते एका वाक्यात सांगायचं. डॉक्टर झाले, आयपीएस झाले, यूट्यूबर तर ओळीने आले. एकजण "सीईओ" म्हणाला, पाहुण्यांनी "कशाचा?" विचारल्यावर मात्र आईकडे बघायला लागला. आमची पायऱ्या चढली ती दोन्ही हातांनी गाऊन उचलून, शेतात वाफ्यातून जाताना बायका लुगडं सावरतात तशी. बायकोने रात्री घातलेले टाके गाऊनवर धावदोरा होऊन लोंबत होते. प्रमाणपत्र तिने सुलट-उलट पाहिलं, मागे काही लिहिलंय का तेही तपासलं, मग माइकशी आली.

"मी सहावीत जाणार आहे."

सभागृह हसलं. तिला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, मलाही नाही. दिवसभरात स्टेजवरून बोललं गेलेलं तेवढंच एक वाक्य पडताळून बघता येण्याजोगं होतं.

शेवटी टोप्या. बाईंनी माइक हातात घेतला. "टोप्या हातात घ्या. उडवायच्या नाहीत, डिपॉझिट आहे! उडवल्यासारखं करा. फोटो निघेपर्यंत हात वर." सगळे हात वर गेले, सगळ्या टोप्या बोटांत घट्ट. फोटोवाला म्हणाला, "हसा." तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका पोराने, बहुधा त्या सीईओने, टोपी खरंच भिरकावली. ती जाऊन बसली थेट पंख्याच्या पात्यावर. त्याची आई खुर्चीवरून उठली. "पाचशे रुपये!" असा कुणीतरी आकांत केला. काठीने प्रयत्न झाले, मग कुणाला तरी सुचलं आणि मामांनी बटण दाबलं. पंखा फिरला, टोपी सुटली, पाहुण्यांच्या नारळावर येऊन पडली, आणि सभागृहात वारं आलं. समारंभातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

संध्याकाळी गाऊन परत करायला गेलो. दुकानदाराने टोपीची चारही टोकं दाबून पाहिली, गोंडा ओढून पाहिला आणि पाचशे परत दिले. चिठ्ठी मी खिशात होती तशी ठेवली होती, पुढच्या वकिलाला लागेल. कोपऱ्यात वीतभर बाह्यांच्या गाऊनची चळत रचून ठेवलेली दिसली.

"हे कुणाचे?"

"सोमवारी जायचेत. सीनियर केजीचं ग्रॅज्युएशन आहे," तो म्हणाला. "त्यांचं डिपॉझिट डबल घेतो. टोप्या चावतात."