टॅपेट वाजतंय म्हणून नट आवळत सुटू नका

कॅमचा उंचवटा (लोब) लिफ्टरला, म्हणजेच टॅपेटला, उचलतो. लिफ्टर पुशरॉड नावाच्या दांडीला ढकलतो, तो रॉकर नावाच्या तरफेला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. या साखळीत मोकळीक झाली की टक्-टक् वाजतं, आणि ती मोकळीक लावणं म्हणजे टॅपेट सेटिंग. त्याबद्दल सध्या फिरत असलेला सल्ला असा: ‘हायड्रॉलिक लिफ्टरच्या इंजिनाला टॅपेट सेटिंग लागतच नाही. तरी वाजलंच, तर पुशरॉड बोटांनी फिरेनासा होईपर्यंत रॉकरचा नट आवळा आणि वर एक फेरा द्या. तेवढ्यानं थांबलं नाही तर आवाज जाईपर्यंत आवळत राहा, ऑइलही जाड घाला.’ पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, शेवटचं इंजिनाच्या मुळावर उठणारं आहे. मधलं सगळ्यात फसवं, कारण ते जवळजवळ बरोबर आहे.

आधी ‘लागतच नाही’ बद्दल. ठरावीक किलोमीटर झाले की फट मोजायचं गेज घेऊन बसावं लागत नाही, हे खरं. हायड्रॉलिक लिफ्टरच्या आत एक प्लंजर (सरकता दट्ट्या) असतो, त्याखाली स्प्रिंग आणि ऑइल कोंडून धरणारा चेक व्हॉल्व्ह. इंजिन तापलं, व्हॉल्व्हची सीट (तो मिटताना टेकतो ती बैठक) थोडी झिजली, तर प्लंजर वर-खाली सरकून फरक भरून काढतो. पण त्याची एकूण धाव असते जेमतेम 4 मिमीच्या आसपास. सिलिंडर हेड घासलं, व्हॉल्व्ह सीट कापल्या, नवा कॅम टाकला की प्लंजरची जागा हलते, आणि ती पुन्हा लावून द्यावी लागते.

कशी, ते इंजिनाच्या रचनेवर आहे. स्टडवर नट असलेले रॉकर असतील तर नटानं. रॉकरचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा असेल तर पुशरॉडची लांबी बदलून. तिथे जास्त आवळल्यानं आटे जातात, दुसरं काही होत नाही. कॅम हेडमध्ये असून लिफ्टरही तिथेच असेल, तर फिरवायला बहुधा काहीच नसतं. फीलर गेजनं 0.15 किंवा 0.20 मिमी ठेवायचं ते सॉलिड (आत प्लंजर नसलेल्या) टॅपेटच्या इंजिनात. हायड्रॉलिकमध्ये फट नसते, उलट प्लंजर थोडा दाबून ठेवायचा असतो.

आता ‘फिरेनासा होईपर्यंत’. खरा घोटाळा इथे होतो. ऑइल निथळलेल्या लिफ्टरची स्प्रिंग मऊ असते. शून्य फट गाठून नट पुढे गेला, प्लंजर आत जाऊ लागला, तरी पुशरॉड बोटांत फिरतच राहतो. तो अडेपर्यंत नट कितीतरी पुढे गेलेला असतो, आणि त्यावर आणखी एक फेरा! म्हणून फिरवून बघू नका, हलवून बघा. दोन बोटांच्या चिमटीत पुशरॉड धरून हलकेच वर-खाली करा. सैल असताना बारीक टक्-टक् हाताला लागते. नट थोडा थोडा आवळत न्या. ज्या क्षणी ही टक्-टक् संपते, तो शून्य. पुशरॉड तेव्हाही सहज फिरत असतो, फिरू द्या.

शून्यापुढे किती? शेवरलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 चं उदाहरण घ्या. 3/8 इंची स्टडवर इंचाला 24 आटे, म्हणजे एका फेऱ्यात नट 1.06 मिमी खाली येतो. पण व्हॉल्व्हचं टोक जागेवर असतं आणि रॉकरचं गुणोत्तर 1.5 आहे (व्हॉल्व्हकडची बाजू पुशरॉडकडच्या दीडपट), त्यामुळे पुशरॉडचं टोक सुमारे 1.76 मिमी खाली जातं. पाऊण ते एक फेरा दिला की प्लंजर धावेच्या साधारण मध्यावर बसतो. शून्य एका फेऱ्यानं चुकलं तर तो तळाशी टेकायला आला म्हणून समजा. आट्यांचं माप वेगळं असेल तर हा हिशेब नव्यानं करा.

हे करताना लिफ्टर कॅमच्या गोल भागावर असायला हवा, उंचवट्यावर नव्हे. याच इंजिनात 1 नंबर सिलिंडर फायरिंगच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणून एक्झॉस्ट 1, 3, 4, 8 आणि इनटेक 1, 2, 5, 7 लावा. मग क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून उरलेले. नट स्टडवर नुसत्या बोटांनी फिरत असेल तर त्याची पकड गेली आहे, नवा घाला.

‘आवाज जाईपर्यंत आवळा’ हे मात्र कृपा करून करू नका. प्लंजर तळाला टेकला की आवाज जातो, कारण मोकळीकच उरत नाही. पण मग व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. ती वाट बंद झाली की व्हॉल्व्हची कड जळते. गाडी शांत वाटते आणि कॉम्प्रेशन जात राहतं. आवाजाची कारणं दुसरीकडे शोधा: ऑइल कमी, किंवा इतकं जास्त की क्रँक घुसळून फेस करतो, चेक व्हॉल्व्हमध्ये कचरा, वाकलेला पुशरॉड, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फुटणारा एक्झॉस्ट, जो हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. कॅमचा लोब झिजला असेल तर पुशरॉडवर डायल गेज लावून शेजारच्याशी उचल ताडून पाहा. ती कमतरता नट भरून काढत नाही. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी दोन-चार सेकंद वाजली, तर तो बिघाडच नाही.

जाड ऑइलचं थोडक्यात: थंडीत ते लिफ्टरपर्यंत उशिरा पोहोचतं, आवाज उलट लांबतो.

इंजिन चालू ठेवून सेटिंग करता येतं, पण रीत वेगळी. गरम इंजिन आयडलवर ठेवा, नट वाजेपर्यंत सैल करा, आवाज थांबेपर्यंतच आवळा. पुढचा फेरा पाव-पाव करून द्या आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर 10 सेकंद थांबा, म्हणजे लिफ्टरमधलं जास्तीचं ऑइल झिरपून जाईल. एकदम आवळलं तर व्हॉल्व्ह उघडा राहतो, इंजिन अडखळतं, आणि जागा कमी असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो.

बंद इंजिनावर सेटिंग केलं असेल आणि लिफ्टर ऑइलनं भरलेले असतील, तर लगेच स्टार्टर मारू नका. अर्धा तास जाऊ द्या, मग क्रँक पान्यानं हळूच दोन फेरे फिरवा. कुठे टणक अडलं तर तिथेच थांबा आणि त्या सिलिंडरचे नट पुन्हा शून्यापासून लावा.