काकांना नावं ठेवण्याआधी ती वरची ओळ नीट बघा

आज सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "एवढी शिकलेली माणसं फसतातच कशी?" डोकं सणकलं. वरच्या मजल्यावरच्या काकांचं कार्ड हरवलं होतं. ते ब्लॉक करायच्या घाईत त्यांनी गूगलवर बँकेचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर' टाकलं, सगळ्यात वर आलं ते दाबलं. यात मूर्खपणा कुठे आहे?

वर आलेली ती जाहिरात होती. 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' एवढा एकच बारीक शब्द, बाकी रूप खऱ्या निकालासारखंच. वरची जागा पैसे भरणाऱ्याला मिळते. गूगलच्या तपासणीच्या वेळी साधं पान दाखवायचं आणि माणसाने दाबलं की भलतंच उघडायचं, ही या चोरांची जुनी युक्ती. गूगल अशा जाहिराती काढतं, मान्य. २०२४ मध्ये ५०० कोटींहून जास्त जाहिराती काढल्याचं तेच सांगतात. पण काकांच्या स्क्रीनवर आलेली राहिलीच ना!

तर ओळखायचं कसं? जाहिरातीशेजारच्या तीन टिंबांवर दाबा, पैसे कोणी भरलेत आणि कुठल्या देशातून ते दिसतं. बँकेच्या जाहिरातीवर भलत्याच माणसाचं नाव असेल तर बाहेर पडा. साइटचा पत्ता वाचताना सुरुवातीचं 'https://' सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जा आणि तिथून उलटं वाचा. खरा मालक रेघेआधीच्या शेवटच्या दोन-तीन तुकड्यांत कळतो. बँकेचं नाव सुरुवातीला कोणीही चिकटवू शकतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन'वर यायला लावलंय ते यासाठीच. सरकारी काम असेल तर शेवट 'गव्ह डॉट इन' हवा.

आणि फोन नंबर सर्चमधून घ्यायचाच नाही. तो कार्डाच्या मागे असतो, पासबुकावर असतो, बँकेच्या ॲपमध्ये असतो. काकांचं कार्डच हरवलेलं, पण पासबुक कपाटात होतं. घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही, हे त्या चोरांना पक्कं ठाऊक असतं.

त्या जाहिरातीतल्या नंबरवर काकांनी फोन लावला, तर पलीकडच्याने त्यांना फोनची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप टाकायला लावलं. एकदा ते चालू झालं की ओटीपी तुम्ही सांगायची गरजच उरत नाही, तो त्याला दिसतो. 'रिफंड'साठी यूपीआय पिन मागितला तर फोन ठेवा. पिन लागतो तो पैसे जाताना, येताना नाही.

काका रात्रभर गप्प बसले. लाजेने. ग्रुपवरची अशी वाक्यं त्यांनी आधीही वाचली होती हो! ती रात्रच महाग पडली, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात तेव्हाच अडवता येतात.

असं कुणाचं झालं तर त्या फोनचं इंटरनेट आधी बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, मग बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या व्यवहारांचा भार बँकेवर असतो, म्हणून कळवल्याची वेळही लिहा. मग ते ॲप काढा, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार भरा. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट असेल तर तोही जोडा.