दुरुस्त झालेले चित्र पुन्हा का बिघडते?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात कापूस उत्पादकांना गुलाबी बोंडअळीची डोमकळी (अळीमुळे पाकळ्या चिकटून नीट न उमललेले फूल) ओळखायला शिकवायची, तर तिचे छायाचित्र स्पष्टच दिसावे लागते; आणि मुक्तस्रोत (म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या) सादरीकरण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की नेमके तेच पडद्यावर दातेरी दिसू लागते. मूळ फाइल शाबूत असते. संपादन करतानाही चित्र ठीक असते, स्लाइड शो सुरू करताच बिघडते. ४००० पिक्सेल रुंदीचे चित्र १०२४ पिक्सेलच्या प्रोजेक्टरवर बसवताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढायला हवी. पण वेग वाढवण्याच्या नादात कोणीतरी ती पायरी गाळतो, ओळीतल्या चार पिक्सेलांपैकी जेमतेम एक उचलला जातो, मग एकमेकींना चिकटलेल्या पाकळ्यांच्या कडा दिसणार तरी कशा? कोडमधील बदलांचा इतिहास निम्मानिम्मा करून तपासत दोषी बदल शोधता येतो, स्वयंसेवक तो शोधून दुरुस्तही करतात, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. परंतु त्या दुरुस्तीसोबत अपेक्षित चित्राशी तुलना करणारी स्वयंचलित चाचणी अनेकदा जोडली जात नाही, म्हणून पुढच्या फेरफारात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! फुकट मिळते म्हणून चालवून घ्या, हे मला मुळीच मान्य नाही, कारण परवान्याचे पैसे भरू न शकणाऱ्या गावांना दुसरा पर्यायच नसतो, आणि डोमकळी ओळखता आली नाही तर ती वेळेत तोडून नष्ट करणेही राहून जाते.