दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

हेराक्लीसच्या (तुमच्या भाच्याच्या भाषेत हर्क्युलिसच्या) वंशावळीचा तक्ता तुम्हाला चार दिवस उशिरा मिळाला आणि भाच्याचा वाढदिवस त्याच्याविनाच झाला, याबद्दल मनापासून माफी. तळटीपा भिंगाशिवाय वाचता येत नाहीत, हेही खरं. त्या अक्षराचं काहीतरी करतो.

पण "गूगलवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या माहितीला अकरा दिवस लावले, आणि एवढं करून आयोचा बापही धड सांगता आला नाही" असं तुम्ही लिहिलंय, ते लागलं. (आयो ही ग्रीक पुराणकथांमधली हेराक्लीसची पूर्वज.)

सात दिवस कबूल केले होते, मान्य. प्रूफ तुम्हाला चौथ्या दिवशी दुपारी पाठवलं. तुमचं उत्तर आलं सातव्या दिवशी रात्री पावणेबाराला, एका वेबसाइटच्या स्क्रीनशॉटसकट: आयोचे वडील इनाकस, आधार अपोलोडोरस, 'तेवढं एक नाव बदला'.

ते एक नाव नव्हतं, ताई. अपोलोडोरस (ग्रीक पुराणकथा एकत्र सांगणारा जुना ग्रंथकार) म्हटलं तर कुठे, हे त्या वेबसाइटने दिलंच नव्हतं. ते दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात, तिसऱ्या परिच्छेदात आहे. माझ्याकडे फ्रेझरने अनुवाद केलेली 1921 ची दोन खंडांची आवृत्ती आहे, डाव्या पानावर ग्रीक, उजव्या पानावर इंग्रजी. मला ग्रीक येत नाही, पण नावं अक्षरं लावून वाचता येतात. तिथे आयो आधी इयाससची मुलगी म्हणून येते. मग अपोलोडोरस सांगतो की कॅस्टर हा इतिवृत्तकार आणि बरेचसे शोकनाट्यकार तिला इनाकसची मुलगी मानतात. हेसिअड आणि अकुसिलाउस हे त्याच्याही आधीचे ग्रीक लेखक तिला पीरेनची मानतात. म्हणजे त्याने दुसऱ्यांचं म्हणून नोंदवलेलं मत वेबसाइटने त्याच्याच नावावर खपवलं. (याच कॅस्टरमुळे कळतं की हा ग्रंथ अथेन्सच्या प्रसिद्ध अपोलोडोरसचा असू शकत नाही. तो इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला, कॅस्टर त्याच्या नंतरचा. म्हणून तक्त्याखाली 'अपोलोडोरसच्या नावावरचा ग्रंथ' असं छापलंय. तुम्हाला ती 'लांबण' वाटली.)

इनाकस चूक आहे असं मी कधीच म्हटलं नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसही तेच नाव देतो. पण तुमचा तक्ता वरपासून खालपर्यंत अपोलोडोरसवर बांधलेला. त्यात इनाकस आणि आयो यांच्यामध्ये फोरोनेउस, नायोबी, आर्गस, एक्बासस, अगेनोर, सर्वांगाला डोळे असलेला दुसरा आर्गस आणि इयासस अशी सात माणसं आहेत. इनाकसला बाप केलं की सातही जण उडतात. आणि गाय झालेल्या आयोवर पहारा देणारा तो डोळेवाला आर्गस तिचा सख्खा आजा निघतो, ही गंमतही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून बायकोने इयाससची रेघ सलग ठेवली, इनाकस आणि पीरेनकडून तुटक रेघा आणल्या आणि वरची सगळी मांडणी पुन्हा बसवली. आठवा आणि नववा दिवस त्यात गेला. दहाव्याला छपाई, अकराव्याला तक्ता तुमच्या दारात.

देवांचा राजा झ्यूस याचं नाव चारदा छापलं हा निष्काळजीपणा नाही. नायोबीचा मुलगा आर्गस, आयोचा मुलगा एपाफस, पर्सिअस आणि हेराक्लीस, चौघांचा बाप तोच. पर्सिअस हेराक्लीसचा पणजोबाही आहे आणि सावत्र भाऊही. त्याला आम्ही काय करणार?

छपाईला देण्याआधी आयोपासून हेराक्लीसपर्यंतच्या पिढ्या मी बोट ठेवून मोजल्या. आयो धरून तेरा भरल्या. ग्रीक नाटककार एस्किलसच्या नावावरच्या नाटकात, खडकाला जखडलेला प्रोमिथिअस आयोला सांगतो की, मला सोडवणारा तुझ्याच वंशात दहा पिढ्यांवर तिसरा, म्हणजे तेरावा असेल. तो सोडवणारा हेराक्लीसच. जुळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. हे दोन मिनिटांत होत नाही, आणि 850 रुपयांत याचे वेगळे पैसे आम्ही लावलेलेही नाहीत.

काम आम्ही दोघंच करतो, महिन्याला आठ-दहा तक्ते जातात. तुमचा रिव्ह्यू पडल्यापासून बोलणी चाललेल्या दोघांनी फोन उचलणं बंद केलंय. तक्रार करू नका असं म्हणत नाही. फक्त प्रूफ तुमच्याकडे तीन दिवस पडून होतं, एवढं तरी त्यात लिहा.

मोठ्या अक्षरातली प्रत काढून पाठवतो, पैसे नकोत. इयासस मात्र तिथेच राहील.