नवकल्पना द्या, तीन प्रतींत

सामाजिक संस्थेचे संचालक आहात आणि कार्यकर्त्यांची सृजनशीलता फुलवायची आहे? आधी सगळ्यांना लोणावळ्याला न्या. पिवळ्या चिठ्ठ्या वाटा आणि ‘चौकटीबाहेरचा विचार’ या विषयावर दोन दिवस त्यांच्याकडून चौकटी भरून घ्या. खर्च ‘क्षमताबांधणी’त टाका. परकीय निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 मध्ये 50 टक्क्यांवरून 20 वर आली, त्याला तुम्ही तरी काय करणार!

परतल्यावर एखादी कार्यकर्ती खरंच काही सुचवेल. घाबरू नका. ती म्हणेल, “ताई, दुपारी दोनला समाजमंदिरात कोण येणार? बाया रानात असतात. संध्याकाळी गिरणीत बैठक घेऊ या का? दळण होईपर्यंत तशाही त्या ताटकळत असतात.”

‘नाही’ कधीच म्हणू नका. “वा! कन्सेप्ट नोट दे,” म्हणा. इंग्रजीत. मग विचारा, गिरणी लॉगफ्रेमच्या, म्हणजे प्रकल्पाच्या उद्दिष्टं-कामांच्या तक्त्याच्या, कुठल्या रकान्यात बसते? गिरणीत बॅनर कुठे लावणार? देणगीदाराचा लोगो पिठानं माखला तर? एवढ्यात तिचं अकरा महिन्यांचं कंत्राट संपत येतं आणि कल्पना आपोआप निकालात निघते.

खरं सांगायचं तर या मंडळींना सृजनशीलता शिकवावी लागतच नाही. 31 मार्च जवळ आला की बघा. हरवलेल्या एसटीच्या तिकिटांच्या जागी काय एकेक व्हाउचर जन्माला येतं! बैठकीला नऊ जणी आणि हजेरीपत्रकावर चाळीस सह्या, त्यातल्या सहा डाव्या हातानं केलेल्या. एवढी हस्तकला बचतगटांच्या प्रदर्शनातही दिसत नाही. आणि हे सगळं प्रवासभत्ता दोन महिने थकलेला असताना.

तरीही ती बाई हट्टी निघाली आणि न विचारता गिरणीत बैठक घेऊन मोकळी झाली, बाया दाटीवाटीनं बसल्या, तर मात्र सावध व्हा. जिओटॅग केलेल्या फोटोत समाजमंदिराऐवजी गिरणी दिसतेय! ऑडिटर विचारणारच. दोन दिवसांत लेखी खुलासा मागवा.

ती लिहून देईल: बैठक समाजमंदिरातच, दुपारी दोन वाजता झाली. फोटोतली गर्दी दळणाची आहे.

फाइलला लावून टाका.