जानेवारीसाठी कोणती कादंबरी?

जानेवारीत ऐतिहासिक कादंबरी वाचायची, इथपर्यंत दापोलीच्या आमच्या वाचक मंडळाचे एकमत झाले आणि तिथेच ते संपले. मी गेली नऊ वर्षे लंडनच्या आग्नेय भागात, वुलिचला राहते. मंडळाची बैठक रविवारी संध्याकाळी साडेपाचला भरते, तेव्हा हिवाळ्यात माझ्याकडे दुपारचे बारा वाजलेले असतात, आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवून मी त्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकत बसते. या वेळी मात्र पंखा ऐकूच आला नाही. निम्म्यांना विश्वास पाटील यांची १९८८ सालची ‘पानिपत’ हवी होती. उरलेल्यांचे म्हणणे असे की, नव्या वर्षाच्या तोंडावर पराभव कशाला, समुद्राकाठी राहणाऱ्यांनी आंग्र्यांच्या आरमारावरचे, विजयाचे काहीतरी वाचावे. “आपलेच दात, आपलेच ओठ, ते चव्हाट्यावर कशाला आणायचे?” असे आमच्या गुरुजींनी विचारले आणि चहा आला.

माझे मत प्रथम गुरुजींच्या बाजूने होते. मी हर्णैची. लिलावाच्या गर्दीतून होडी सुटली की सुवर्णदुर्गाचा तट नुसता काळा दिसतो, दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय सापडत नाही, आणि सापडला की पायरीवरचे कोरलेले कासव व भिंतीतला मारुती दिसतो. परदेशात राहणाऱ्याला हे सारे जरा जास्तच आठवते, आणि आठवते तेव्हा विजयासकटच आठवते.

परंतु माझ्या घरापासून फार दूर नाही अशा शूटर्स हिलच्या टेकडीवर, झाडीत, सेव्हर्नड्रूग कॅसल नावाचा त्रिकोणी मनोरा आहे. नाव मोठ्याने उच्चारून पाहिले की कळते: तो आपला सुवर्णदुर्ग. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने २ एप्रिल १७५५ रोजी हा किल्ला आंग्र्यांकडून घेतला; १७८३ मध्ये तो वारल्यावर त्याच्या पत्नीने पुढच्याच वर्षी हे स्मारक उभारले. मनोऱ्यावरचा शिलालेख किल्ल्याच्या पाडावाचे सारे श्रेय त्याच्या शौर्याला व कौशल्याला देतो. त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य व गलबते इंग्रजांच्या सोबतीला होती आणि किल्ला पुढे पेशव्यांच्याच ताब्यात गेला, याचा तिथे उल्लेख नाही. मी पहिल्यांदा तो लेख वाचला तेव्हा रागावले; खाली येऊन चहा घेताना मात्र असे वाटले की, गुरुजींना हवी आहे ती कादंबरीही याच दगडासारखी आहे, फक्त आपल्या बाजूने कोरलेली.

कारण आंग्र्यांची कथा कान्होजींच्या मृत्यूपाशी, म्हणजे १७२९ मध्ये, थांबवली तरच ती निर्भेळ विजयाची राहते. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे नानासाहेब पेशव्यांना जुमानीत नव्हते, मराठी गलबतेही लुटीत होते, हे पेशव्यांच्या बाजूने बोलणारे सांगतात आणि ते खोटे नाही. पण त्यांचे पारिपत्य करण्यासाठी इंग्रजांचा हात धरला गेला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या तोफांनी लागलेल्या आगीत तुळाजींचे आरमार जळून गेले, हेही तितकेच खरे आहे. त्यानंतर पाच वर्षांनी, त्याच पेशव्यांच्या कारकिर्दीत, पानिपत झाले. भाऊसाहेबांना उत्तरेत आपापसांतला जो बेबनाव भोवला, तो कोकणच्या पाण्यात आधीच दिसला होता.

इथल्या ग्रंथालयातल्या वाचक मंडळात आम्ही हिलरी मँटेल यांची ‘वुल्फ हॉल’ वाचली. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला तिथे शतकानुशतके खलनायक मानले गेले. मँटेल यांनी त्यालाच नायक केले आणि संतपदाला पोहोचलेल्या थॉमस मोरला कठोर रंगवले. दोन आजीबाई मोरच्या बाजूने तावातावाने भांडल्या, पण कुणाच्या भावना दुखावल्याचे निवेदन कुठे गेले नाही. याचा अर्थ ही मंडळी मोठी उदार आहेत असा मी मुळीच काढत नाही. त्याच बैठकीत मी सेव्हर्नड्रूग कुठे आहे असे विचारले, तेव्हा एकाने स्कॉटलंड सांगितले. त्यांचेही सोवळे आहे. ते राजदरबारात नाही, साम्राज्याच्या ओवरीत आहे, इतकेच.

आपल्याकडे कादंबरी आली की पहिला प्रश्न असतो, ती कुणाच्या बाजूची. लेखकाने पात्राच्या तोंडी घातलेले वाक्य लोक बखरीतले म्हणून उद्धृत करतात आणि मग त्याच वाक्यावरून भांडतात. मंडळाने निवड करताना हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ज्या पुस्तकात भाऊबंदकी झाकलेली नाही ते घ्यावे, म्हणून मी माझे मत ‘पानिपत’ला कळवले. सोबत दोन सूचना केल्या. पुस्तक जाडजूड असल्यामुळे ते दोन महिन्यांत विभागावे, आणि पहिल्या बैठकीचा पहिला अर्धा तास विजयदुर्गाला द्यावा.

गुरुजींचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. युद्ध १४ जानेवारीचे, हे त्यांच्या लक्षात होतेच. “वाचू,” त्यांनी लिहिले होते, “पण तुळाजीची बाजू मी मांडणार, आणि मला मध्येच कुणी तोडायचे नाही.”